आतड्यातील जिवाणू आणि कर्करोगाचे उपचार



घरातील एखाद्यास कर्करोगाचे निदान झाले की आप्तेष्टांच्या सल्ल्यांना पूर येतो. अलीकडे त्यांत प्रोबायोटिक कॅप्सूलची भर पडली आहे. चांगले जिवाणू पोटात गेले की प्रतिकारशक्ती वाढेल व औषध अधिक लागू पडेल, असा त्यामागील तर्क. सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो. तथापि तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

कल्पना तशी जुनीच. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एली मेचनिकॉफ यांना, शरीरातील पेशी रोगजंतूंना गिळंकृत करतात या शोधाबद्दल १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आंबवलेल्या दुधातील जिवाणू दीर्घायुष्यास उपकारक आहेत, असे प्रतिपादन त्यांनीच केले होते.

पुढे असे आढळले की कर्करोग आपल्या टी-पेशींवरील नैसर्गिक लगामाचा गैरफायदा घेतो. तो लगाम सैल करणाऱ्या उपचाराचा पाया घालणारे जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो २०१८ च्या नोबेलचे मानकरी ठरले. ही औषधे काही रुग्णांना आश्चर्यकारक गुण देतात, अनेकांना मुळीच देत नाहीत. असे का व्हावे?

एक धागा २०१५ मध्ये शिकागो विद्यापीठात थॉमस गाजेव्स्की यांच्या हाती लागला. एकाच जातीचे, परंतु दोन निरनिराळ्या पुरवठादारांकडील उंदीर. एका गटात मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग संथपणे वाढे, दुसऱ्यात वेगाने. दोन्ही गट एका पिंजऱ्यात ठेवताच फरक मावळला, कारण उंदीर एकमेकांची विष्ठा खातात व जिवाणूंची देवाणघेवाण होते. पुढे बायफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू पाजून व जोडीला औषध देऊन गाठीची वाढ जवळजवळ थांबविता आली. कॅप्सूलविक्रेत्यांना याहून अधिक काय हवे!

परंतु उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने २०२१ मध्ये मेलानोमाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील १२८ जणांच्या आहाराची नोंद होती. दिवसाला किमान २० ग्रॅम तंतुमय पदार्थ घेणारे आणि प्रोबायोटिक न घेणारे, अशांची स्थिती सर्वांत चांगली आढळली. ही केवळ पाहणी होती, तिने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. पण सोबतच्या प्रयोगात बाजारातील प्रोबायोटिक दिलेल्या उंदरांमध्ये औषधाचा प्रभाव चक्क घटला. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्येच दाखविले होते की प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतल्यास आतड्यातील मूळ जिवाणूंचे पुनरागमन लांबते. पाहुण्यांनी घर व्यापले की यजमानास जागा उरत नाही, तसेच हे. उलट ज्वारीची भाकरी, उसळी, सालीसकट फळे यांतील तंतू त्या मूळ रहिवाशांचेच अन्न होय.

जेवणातील दह्याताकाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. प्रश्न तयार कॅप्सूलचा होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सुमारे ३० रुग्णांवर चाचणी झाली. क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम या जिवाणूची जोड मिळालेल्यांचा आजार सरासरी १२.७ महिने आटोक्यात राहिला, इतरांचा २.५ महिने. आकडे मोहक आहेत; पण चिंधीभर नमुन्यावरून सबंध ताग्याची हमी कोणी देत नाही. शिवाय तो एक विशिष्ट जिवाणू होता, दुकानातील कोणताही नव्हे.

रुग्णालयात चालू औषधांची यादी देताना या कॅप्सूलचे नाव बहुधा राहून जाते, कारण घरचे लोक त्यांना औषधच समजत नाहीत. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना हेच जिवंत जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग घडवितात. त्या वेळी तापाचे कारण शोधणाऱ्या डॉक्टरांना ते नाव ठाऊक असावे लागते.