संगणकातले बळद



आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत बळद असे. आजच्या मुलांनी ते पाहिले नसेल, म्हणून सांगतो. दोन भिंतींच्या मध्ये धान्यासाठी जागा सोडलेली असे. वरून धान्य ओतायचे आणि खाली एक लहानसे तोंड असे, त्यातून लागेल तेवढे काढायचे. ढाळजेत बसलेला पाहुणा ज्या भिंतीला पाठ टेकून बसे, तिच्याच पोटात घरची वर्षाची ज्वारी आहे हे त्याला कळतही नसे. पाहुण्यावर अविश्वास होता असे नव्हे. ज्यावर घर चालते ती वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येऊ नये, एवढाच त्यातला विचार.

संगणकातही असे बळद असते. आता शाळांत, ग्रामपंचायतींत आणि पुष्कळ घरांतही संगणक आले आहेत. आपण त्यातले फोल्डर रोज उघडतो, मिटतो. पण काही फोल्डर तिथे असूनही दिसत नाहीत. ते कसे पाहावेत आणि पाहिल्यावर कशाला हात लावू नये, हे आज सांगणार आहे. हा विषय मला सुचला तो एका गुरुजींमुळे.

हे गुरुजी गंगाखेड तालुक्यातल्या एका लहान गावी शिकवतात. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे गाव, आणि जनाबाई म्हटले की जाते आठवतेच. गुरुजींना जात्यावरच्या ओव्यांचा नाद. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून सहकाऱ्यांच्या मदतीने लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे त्यांनी वाचले होते. तेव्हा आपल्या गावच्या म्हाताऱ्या काय गातात, ते आपण का जपू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. सात-आठ वर्षे फोनवर मुद्रण करून ते सारे त्यांनी एका पेन ड्राइव्हवर साठवले. त्याच पेन ड्राइव्हवर शाळेचे निकाल आणि शिष्यवृत्तीच्या सराव-प्रश्नपत्रिकाही होत्या. गाणाऱ्यांपैकी तिघीजणी आज हयात नाहीत.

एकदा निकालाचे कागद छापून घेण्यासाठी तो पेन ड्राइव्ह बाजारातल्या एका दुकानात गेला. परत आल्यावर शाळेच्या संगणकाला लावला, तो सगळ्या फोल्डरांच्या चित्रांच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण आलेला. ते फोल्डर राहिलेच नव्हते, नुसते ‘शॉर्टकट’ होते, एक-दोन केबीचे. एक हुशार मुलगा म्हणाला, “व्हायरस आहे गुरुजी. फॉरमॅट मारून टाका, मोकळं होईल.”

“मोकळं होईल, पण आतलं?”

“आतलं तर गेलंच की!”

गुरुजींचे मन धजेना. त्यांनी तो पेन ड्राइव्ह तसाच रुमालात गुंडाळला आणि रविवारी माझ्याकडे घेऊन आले.

आधी मी माझ्या संगणकावर विषाणू शोधणारा कार्यक्रम चालू आहे ना, हे पाहिले आणि मगच पेन ड्राइव्ह लावला. त्यावरच्या कुठल्याही शॉर्टकटवर क्लिक केले नाही. पेन ड्राइव्हच्या नावावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले. तिथे किती जागा वापरलेली आणि किती मोकळी, हे लिहिलेले असते. १६ जीबीच्या त्या पेन ड्राइव्हवर ११ जीबी जागा वापरलेली दिसत होती. रांजण रिकामा म्हणावा, पण उचलायला गेले तर उचलत नाही; मग तो रिकामा कसा? मी म्हणालो, “गुरुजी, तुमच्या म्हाताऱ्या आतच आहेत. दिसत नाहीत, एवढंच.”

श्रोतेहो, पेन ड्राइव्हवरचे काही नाहीसे झाले तर फॉरमॅट करण्याआधी एवढे अवश्य पाहावे. जागा भरलेली दिसली तर आशा सोडू नये.

आता हे लपणे होते कसे? विंडोज या व्यवस्थेत प्रत्येक फायलीला आणि फोल्डरला काही खुणा लावता येतात. एक खूण ‘हिडन’, म्हणजे लपलेले. दुसरी ‘सिस्टिम’, म्हणजे व्यवस्थेच्या मालकीचे. ही चाल जुनी आहे. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक निघाला, त्याच्या डॉस व्यवस्थेतही संगणक सुरू करणाऱ्या दोन फायली यादीत दिसत नसत. हेतू चांगलाच होता. नवख्या माणसाने साफसफाईच्या भरात त्या पुसून टाकू नयेत. पण चांगल्या सोयीचा उपयोग चोरही करतो. गुरुजींच्या पेन ड्राइव्हला लागलेल्या किडीने खऱ्या फोल्डरांना दोन्ही खुणा लावून ते लपवले, आणि त्याच नावाचे शॉर्टकट दाराशी बसवले. माणूस शॉर्टकटवर क्लिक करतो; खरा फोल्डर उघडतो, पण त्याबरोबर कीडही चालू होते आणि त्या संगणकात शिरते. काम अडत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

लपलेले पाहण्याची रीत सोपी आहे. कळफलकावरची विंडोजची कळ आणि ‘ई’ एकदम दाबा, म्हणजे फाइल एक्स्प्लोरर उघडेल. विंडोज १० असेल तर वरच्या ‘व्ह्यू’ या शब्दावर क्लिक करा. ‘हिडन आयटेम्स’ असे लिहिलेला चौकोन दिसेल, त्यात खूण करा. विंडोज ११ असेल तर ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘हिडन आयटेम्स’. जुने विंडोज ७ असेल तर ‘ऑर्गनाइझ’मधून ‘फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स’ उघडा आणि तिथे ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन फाइल्स’ने सुरू होणारी ओळ निवडा. लपलेले फोल्डर आता फिकट रंगात दिसू लागतील.

एवढे करूनही गुरुजींचे फोल्डर दिसले नाहीत. त्यांना ‘सिस्टिम’ची दुसरी खूणही लागली होती ना! त्यासाठी विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’खालचे ‘ऑप्शन्स’, आणि ११ मध्ये वरच्या तीन टिंबांमधले ‘ऑप्शन्स’ उघडावे. विंडोज ७ मध्ये मघाच्याच खिडकीत राहावे. तिथल्या ‘व्ह्यू’ भागात ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ अशी ओळ असते. तिच्यापुढची खूण काढली की संगणक विचारतो, खरेच काढायची का? ‘येस’ म्हणावे. आम्ही ‘येस’ म्हटले, आणि पडद्यावर एकेक फिकट नाव उमटले: निकाल, शिष्यवृत्ती, ओव्या. गुरुजी काही बोलले नाहीत. नुसते खुर्ची पुढे ओढून बसले.

फोल्डर दिसले, आता त्यांच्यावरच्या खुणा उतरवायच्या. ‘सिस्टिम’ची खूण असली की ‘प्रॉपर्टीज’मधून ‘हिडन’ची खूण निघत नाही, तिथे हुकूम लिहून द्यावा लागतो. कागद-पेन्सिल घ्यावी. ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडा. पेन ड्राइव्हचे अक्षर ‘ई’ असेल तर ‘ई’ आणि विसर्गासारखी दोन टिंबे लिहून एंटर दाबा. ओळीच्या आरंभी ‘ई’ आले की पुढचा हुकूम लिहा: ए, टी, टी, आर, आय, बी, जागा सोडा, वजा एस, जागा, वजा एच, जागा, तारा, टिंब, तारा, जागा, तिरकी रेघ एस, जागा, तिरकी रेघ डी. आणि एंटर. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या फोल्डरविषयी काही तक्रार उमटली तर घाबरू नये. तो विंडोजनेच ठेवलेला असतो, तो विषाणू नव्हे. कधी कधी कीड सारा माल एका बिननावाच्या फोल्डरात सरकवते. तसा फोल्डर दिसला तर त्यातही डोकवावे. मग आपल्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, त्या तपासाव्यात, आणि त्यानंतरच खुशाल फॉरमॅट करावे.

मात्र हा हुकूम पेन ड्राइव्हवरच चालवायचा. ‘सी’ अक्षराच्या ड्राइव्हवर कदापि नाही, कारण तिथे संगणकाचे स्वतःचे बळद आहे.

त्याविषयी दोन शब्द. लपलेले दाखवले की ‘सी’मध्ये काही अनोळखी नावे दिसतात. ‘प्रोग्रामडेटा’त कार्यक्रमांची सामाईक शिदोरी असते. ‘युजर्स’मध्ये आपल्या नावाखाली ‘ॲपडेटा’ असतो. इंटरनेटवरच्या जपून ठेवलेल्या खुणा, कार्यक्रमांच्या मांडण्या, असे बरेच त्यात राहते. वर्डमध्ये लिहीत असताना वीज गेली तर अर्धवट मजकूर पुष्कळदा इथेच सापडतो. ‘पेजफाइल’ ही मोठी फाइल स्मरणाची जागा अपुरी पडली की कामी येते. एकाने ‘ॲपडेटा’ कचरा समजून पुसायला घेतला आणि वर्षानुवर्षे जमवलेले पत्ते घालवून बसला.

आपल्याकडे पूर्वी पेवातही धान्य साठवत. पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नसे. आत विषारी हवा कोंडलेली असते, आणि घाईने उतरलेली माणसे दगावल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. थोडा वेळ तोंड उघडे ठेवायचे, कंदील सोडून पाहायचा, मग उतरायचे. संगणकातही तेच पाळावे. पाहायला हरकत नाही. काढायचे ते आपण स्वतः ठेवलेले असेल तरच काढावे. आणि काम झाले की ‘प्रोटेक्टेड’वाली खूण पुन्हा जागेवर ठेवावी. शाळेचा संगणक असेल तर अवश्यच, कारण दुसऱ्या दिवशी तिथे मुले बसणार असतात.

ज्यांच्याकडे नुसता फोन आहे त्यांच्यासाठी एवढे सांगतो. अँड्रॉइड फोनमध्ये ज्या नावाच्या आरंभी टिंब असते ते फोल्डर लपलेले राहतात. बहुतेक फाइल मॅनेजरमध्ये ‘शो हिडन फाइल्स’ अशी सोय असते. ही टिंबाची चाल युनिक्स या जुन्या व्यवस्थेतून आली. यादीतून दोन विशिष्ट नावे गाळायची होती, पण सोपी वाट धरली गेली आणि टिंबाने सुरू होणारी सारीच नावे गळाली, असे संगणकतज्ज्ञ रॉब पाइक यांनी सांगितले आहे.

गुरुजींच्या ओव्या आम्ही उतरवून घेतल्या. त्यांनी आता तीन प्रती केल्या आहेत: एक शाळेत, एक घरी, आणि एक परभणीला मुलीकडे. निघण्यापूर्वी त्यांनी एक मुद्रण लावून पाहिले. आधी जात्याची घरघर, मग खोकल्याचा आवाज, आणि मग म्हातारीने ओवी धरली. पुरी होईपर्यंत ते उभेच होते.

आपल्या घरी, शाळेत एखादा पेन ड्राइव्ह ‘खराब झाला’ म्हणून कपाटात पडला असेल, तर तो टाकण्याआधी एकदा ‘प्रॉपर्टीज’ उघडून त्याची भरलेली जागा पाहा.