अधिक बिंदूंचा कॅमेरा घ्यावा काय?

हल्लीं कॅमेरा विकणारा गृहस्थ गिऱ्हाइकाला प्रथम जी संख्या ऐकवितो, ती मेगापिक्सेलची. एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रांतील दहा लक्ष बिंदू. २०१२ सालीं निकॉन कंपनीनें ३६ मेगापिक्सेलचा कॅमेरा काढला, २०१९ सालीं सोनीनें ६१ चा. गोंदियांत लग्नकार्याचीं छायाचित्रें काढून संसार चालविणारा माझा एक जुना विद्यार्थी परवां विचारावयास आला, "गुरुजी, माझा २४ चा आहे. कर्ज काढून ६१ चा घेऊं काय?" छायाचित्रणाची विद्या मजपाशीं नाहीं. परंतु प्रश्नांत गणित होतें, आणि शिकणारीं दोन मुलें पदरीं असलेल्या माणसाचें कर्ज होतें. म्हणून कागद-पेन्सिल पुढें ओढली.

२४ मेगापिक्सेलचें चित्र रुंदीस ६००० व उंचीस ४००० बिंदूंचें असतें. ६१ चें ९५०४ व ६३३६ बिंदूंचें. एकूण बिंदू अडीचपट झाले, पण रुंदी दीडपटीहून थोडीच अधिक वाढली. क्षेत्रफळ आणि बाजू यांचा हा घोटाळा माझ्या वर्गांतील मुलेंहि करीत; जाहिरात तर त्याच्यावरच जगते.

उत्तम छपाईला इंचास ३०० बिंदू पुरतात. लग्नाच्या अल्बमाचें पान १२ बाय १८ इंचांचें धरलें, तर ३६०० गुणिले ५४०० बिंदू लागतात. ते जुन्या कॅमेऱ्यांत मावून उरतात. एकच चित्र दोन पानांवर, म्हणजे ३६ इंच पसरलें, तर इंचास १६६ च बिंदू येतील हें खरें. पण तेवढें चित्र नाकाशीं धरून कोण पाहतो? दिवाणखान्यांतील फोर-के दूरचित्रवाणीचा पडदाहि सुमारें ८३ लक्ष बिंदूंचाच असतो. वऱ्हाडी मंडळी तर सारा सोहळा मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर पाहतात! शिवाय मोठ्या चित्रांना मोठीं कार्डें, मोठी साठवण आणि जलद संगणक हवा. तो खर्च कॅमेऱ्याच्या किंमतींत कोणी सांगत नाहीं.

येथवर माझें उत्तर सरळ 'नको' असें होतें. मग त्यानें सारसाचें नांव काढलें.

जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा क्रौंचजातीचा पक्षी महाराष्ट्रांत आज मुख्यत्वें आमच्याच जिल्ह्यांत उरला आहे, आणि तोहि मोजका. पावसाळ्यांत तो धानाच्या बांधींत किंवा तलावाच्या उथळ पाण्यांत गवत-काड्यांचें घरटें रचतो. अंडीं बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीनें महिनाभर तीं उबवितात. माणूस फार जवळ गेला कीं पक्षी घरट्यावरून उठतो आणि अंडीं कावळ्यांना उघडीं पडतात. माझा विद्यार्थी सवडीनें या पक्ष्यांचीं छायाचित्रें काढतो. येथें बिंदूंचा हिशेब निराळाच लागतो. तेंच भिंग लावून शंभर मीटरांवरून ६१ च्या कॅमेऱ्यांत पक्ष्यावर जितके बिंदू पडतात, तितके पाडावयास २४ चा कॅमेरा घेऊन ६३ मीटरांपर्यंत जावें लागेल. हे ३७ मीटर घरट्याच्या दृष्टीनें फार मोलाचे. तेव्हां अधिक बिंदूंचा लाभ असलाच, तर तो येथें आहे, लग्नमंडपांत नाहीं.

तथापि सारस पैसा देत नाहीं आणि हप्ता तर दरमहा येतो! १.४ पट वाढविणारें जोडभिंग नव्या कॅमेऱ्याच्या मानानें स्वस्त. त्यानें या ३७ मीटरांतील बराचसा भाग भरून निघतो. प्रकाश मात्र निम्मा होतो, म्हणून ढगाळ सकाळीं अडचण पडते. उन्हें चढल्यावर बांधींवरची हवा थरथरूं लागली, कीं ६१ मेगापिक्सेलहि तीच थरथर अधिक बारकाईनें टिपणार. म्हणून मीं त्याला सांगितलें कीं कर्ज काढूं नको. जोडभिंग घे, आणि घरट्यांच्या दिवसांत आठवडाभर मोठा कॅमेरा नागपुराहून भाड्यानें आण.

इतक्यावरहि ज्याला विकतच घेण्याचा मोह आवरत नसेल, त्यानें आपलें रोजचें भिंग घेऊन दुकानांत जावें. दोन्ही कॅमेरे तिपाईवर ठेवून त्याच भिंगानें एकाच वस्तूचें चित्र काढावें, दोन्ही चित्रें १२ बाय १८ इंचांवर छापून घ्यावीं आणि कोणतें कोणत्या कॅमेऱ्याचें तें न सांगतां घरच्या मंडळींपुढें ठेवावीं.