हाव्र बंदरातला सूर्य

क्लोद मोनेने १८७२ साली फ्रान्समधील ल हाव्र बंदरातला सूर्योदय तैलरंगात रंगवला. १८७४ च्या पॅरिसमधील प्रदर्शनासाठी त्याला चित्राचे नाव विचारले, तेव्हा ‘ल हाव्रचे दृश्य’ कसे म्हणावे? गाव तर धुक्यात धड दिसतही नाही! ‘इंप्रेशन’, म्हणजे मनावर उमटलेला ठसा, असेच त्याने सांगून टाकले. लुई लर्वा या टीकाकाराने त्या शब्दाची टर उडवली, आणि तोच शब्द पुढे संप्रदायाला चिकटला.

आम्हीही प्रथम कृष्णधवल छपाईत हे चित्र पाहून नाक मुरडले होते. सूर्यच सापडेना! रंगीत प्रत हाती आली तेव्हा उमगले: तो नारिंगी ठिपका भोवतालच्या करड्या आभाळाहून उजळ नाहीच, रंगभेदानेच पेटलेला भासतो. आपल्या मांडवीवरचा सूर्य आभाळाहून कितीतरी प्रखर. पण रंगाच्या नळीत तेवढा उजेड कोठून यावा?