नोंदवहीतील पत्ता



आपल्या गावाला दोन नावे आहेत. रेल्वेस्थानकाच्या फलकावर वडसा, तालुक्याच्या दप्तरात देसाईगंज. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी आपण चंद्रपूर जिल्ह्यात होतो. आपली याने अडचण होत नाही, कारण टपालवाला आपणास ओळखतो. कायदा मात्र माणसास नोंदीवरूनच ओळखतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बाबतीत हीच गोष्ट आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

दहा किंवा अधिक उत्पादकांनी एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करण्याची सोय 2003 पासून कायद्यात आहे. स्थापनेच्या दिवशी उत्साह असतो, हारतुरे होतात. पुढे कार्यालय दुसऱ्या घरी जाते, एखादा संचालक राजीनामा देतो, एखादा दिवंगत होतो. याची वर्दी कंपनी निबंधकांकडे 30 दिवसांच्या आत जावी लागते. कार्यालय गावाच्या हद्दीतच हलले तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो. हद्दीबाहेर न्यावयाचे तर सभासदांचा विशेष ठराव हवा. पत्त्याच्या पुराव्यासाठी दोन महिन्यांच्या आतील वीजबिल व जागामालकाची संमती लागते. वडील वारल्यावर वारसनोंद व फेरफार करून घेण्याची निकड आपण जाणतो. ही निकडही तशीच आहे.

नोंद न केल्यास काय होते? पत्त्याच्या बाबतीतील कसुरीस दररोज वाढत जाणारा दंड आहे. वार्षिक हिशेब व वार्षिक विवरणपत्र यांना उशीर झाल्यास 2018 पासून प्रत्येक कागदामागे दररोज 100 रुपये जादा शुल्क ठरविण्यात आले. दोन्ही कागद वर्षभर राहिले तर 73,000 रुपये होतात. लहान कंपनीचा एका हंगामाचा नफा यात जाऊ शकतो. सलग तीन वर्षे ही कागदपत्रे दाखल न झाल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात.

याहून गंभीर गोष्ट नाव खोडले जाण्याची. निबंधक आधी नोटीस पाठवितात व म्हणणे मांडण्यास 30 दिवस देतात. परंतु ती नोटीस जाते दप्तरातील पत्त्यावर. त्या घरी आज दुसरेच कुटुंब राहत असेल तर उत्तर कोण देणार? 2017 मध्ये देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे खोडली गेली व त्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध आले. त्यांत केवळ कागदावरच्या कंपन्या पुष्कळ होत्या, हे खरे. तथापि कामकाज चालू असूनही गाफील राहिलेल्या कंपनीस नोंदवही वेगळे काढू शकत नाही. धान खरेदीच्या ऐन दिवसांत खाते गोठले, तर शेतकऱ्याचे चुकारे थांबतात. नाव पुन्हा लावून घेण्याचा मार्ग आहे. पण त्यासाठी मुंबईस राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जावे लागते. वडशाहून मुंबई किती दूर, हे मी सांगावयास नको.

म्हणून माझी विनंती एवढीच. वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाबरोबर पत्ता, ई-मेल व संचालकांची यादी मोठ्याने वाचून दाखवावी. नोंदीतील ई-मेल कोण उघडतो, हे विचारावे. शिक्षकांनी वाचण्यास मदत करावी, पंचायत सदस्यांनी प्रश्न विचारावेत. सभासदांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या भागभांडवलाचे रक्षण या पाच मिनिटांच्या वाचनाने होते.