दोन मिनिटांची घाई

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



‘धावपळीचं जीवन आणि मनावरचा ताण’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी काही डॉक्टर नाही. बँकेत नोकरी केली आणि २००३ ते २०११ अशी आठ वर्षं नांदेड-परभणी अप-डाऊन केलं. त्यामुळे घाई म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पहाटे पाचला उठायचं. नळ आला असेल तर आधी पाणी, मग भाकरी-भाजी, चार डबे, मुलांची दप्तरं आणि मग स्टेशनकडे पळ. चहा उभ्यानं, नाश्ता तर नाहीच. सुटीच्या दिवशीसुद्धा छातीत धडधड व्हायची, काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. घरात लहानसहान गोष्टीवरून चिडचिड, आणि बोलणी खायची ती मुलांनी.

अमेरिकेत मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन हृदयरोगतज्ज्ञ होऊन गेले. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजलेल्या असत, कारण येणारे रुग्ण टेकून बसतच नसत. सतत घाईत असणाऱ्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध आहे, असं त्यांनी १९५० च्या दशकात मांडलं. पुढच्या संशोधकांना घाईपेक्षा तिच्यासोबत येणारा राग जास्त घातक वाटला. मला विचाराल तर दोन्ही एकाच घरात नांदतात.

पण आज मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती मी आजवर कुणापुढे बोलले नाही.

२००६ सालची सकाळ. मी जिना उतरत होते. तळमजल्यावरच्या काकू शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, कठडा धरून. चेहरा घामानं भिजलेला. मला ते दिसलं, दिसलं नाही असं म्हणणार नाही. मी म्हणाले, “काकू, संध्याकाळी येते हं, गाडी आहे,” आणि निघाले.

धावत जाऊन गाडी पकडली. तेव्हा मार्ग एकेरी होता. क्रॉसिंगसाठी पूर्णा स्टेशनवर आमची गाडी अर्धा तास उभी राहिली. खिडकीत बसून मी तो अर्धा तास मोजला.

संध्याकाळी आले तेव्हा कळलं, काकूंची शुगर एकदम उतरली होती. वॉचमननं बघितलं, साखरपाणी दिलं, शेजारच्या भाऊंनी दवाखान्यात नेलं. काकू वाचल्या. मी भेटायला गेले तर म्हणतात कशा, “अगं, तुला गाडी होती. तुझा काय दोष?” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आलं की अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी असाच एक प्रयोग केला होता. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत बोलायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय’ असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. यातल्या काहींना तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाच्या कथेवरच बोलायचं होतं! ती माणसं वाईट नव्हती, त्यांना उशीर झाला होता. हे वाचलं आणि मला माझा जिना आठवला.

काकूंच्या त्या प्रसंगानंतर मी काय केलं? नोकरी सोडली नाही, ते शक्यही नव्हतं. भाजी रात्रीच चिरून ठेवायला लागले. डबे भरणं आणि पाणी भरणं घरातल्या पुरुषमंडळींकडे दिलं. सुरुवातीला कुरकुर झाली, मग सवय झाली. त्यातून दहा मिनिटं हाती आली. ती मी कामात घातली नाही, जिन्यासाठी ठेवली. पुढच्या पाच वर्षांत दोनदा गाडी चुकली. अर्ध्या दिवसाची रजा गेली, साहेबांचं ऐकून घेतलं. बाकी काही बिघडलं नाही.

हेही खरं, की प्रत्येकाची घाई त्याच्या हातात नसते. आपल्या फाटकावर डिलिव्हरीची पोरं येतात, त्यांच्या मोबाईलमध्ये मिनिटं धावत असतात. त्यांना “किती उशीर?” म्हणण्याआधी पाणी विचारा. आपली मुलं सहाला शिकवणीला निघतात, त्यांच्या कानावर दिवसाचा पहिला शब्द ‘लवकर’ हाच पडतो. तो तरी आपल्या हातात आहे.

काकू आज आपल्यात नाहीत. पुढे आठ वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहायचे आणि त्या रोज म्हणायच्या, “जा बाई, गाडी जाईल.” आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. जिने तेच आहेत, उतरणारे वयस्कर झालेत. कुणी पायरीवर बसलेलं दिसलं तर दोन मिनिटं थांबा, एवढंच सांगायला मी उभी राहिले.