योसेफाचा झगा

वऱ्हाडातला मे महिना ज्यानं काढलेला नाही, त्याला तो सांगून समजत नाही. पारा ४५च्या आसपास, दहा वाजले की गल्लीत चिटपाखरू नाही, आणि दुपारी माठातलं पाणीसुद्धा कोमट. अशा महिन्यात रोज सकाळी सात वाजता आमच्या तालुक्याच्या गावात एक घंटा वाजायची. महादेवाच्या मंदिराची घंटा आम्हाला माहीत होती, नगरपरिषदेच्या शाळेतला टोलही माहीत होता. ही तिसरी घंटा मिशनच्या कंपाउंडातली, मेथडिस्ट चर्चची. एरवी ती रविवारी वाजे. मे महिन्यातले दहा दिवस मात्र ती रोज आणि फक्त मुलांसाठी वाजायची.

त्या दहा दिवसांना सगळे ‘व्हीबीएस’ म्हणत. म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा. ख्रिस्ती घरांत आजही दिवाळीच्या फराळासारखं ते नाव उच्चारलं जातं. साडेसात ते साडेदहा अशी वेळ. आधी गाणी, मग गोष्ट, मग त्या दिवसाचं वचन पाठ करायचं, मग हस्तकला, खेळ, शेवटी सरबत आणि दोन बिस्किटं. हस्तकलेला आम्ही ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करायचो. खेळ घ्यायला एम.वाय.एफ.ची, म्हणजे मेथडिस्ट युथ फेलोशिपची, कॉलेजातली मुलं असत. चर्चच्या व्हरांड्यात दुसऱ्या बाजूला बायकांचे पापड-कुरडयांचे घाट चालू असायचे. मुंबई-नागपूरला नोकरी करणाऱ्या नर्स आणि मास्तर सुट्टीवर आलेले, लग्नं ठरलेली, कुणाच्या तरी घरी रोज आमरस. अख्खी मंडळी उन्हाळ्यात पुन्हा एका अंगणात यायची. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. मराठी ख्रिस्ती माणूस हाच शब्द वापरतो आणि मला तो फार आवडतो.

मी त्या मंडळीतली नव्हते. माझे अब्बा गावातले लेडीज टेलर. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी. मग मी त्या शाळेत कशी गेले, हे सांगायला हवं.

१९८६च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, आमच्या दारात आल्या. अम्मीकडून त्यांचे ब्लाउज शिवून जायचे, एवढीच ओळख. आल्या त्या ‘सलाम’ म्हणत. मी चकितच झाले. मराठी ख्रिस्ती लोकांत एकमेकांना सलाम म्हणायची जुनी रीत आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खाटेवर बसून त्यांनी अम्मीला जे सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण इतकं सरळ बोलताना मी मोठ्या माणसांना क्वचित ऐकलं होतं. “भाभी, तुमची पोरगी कुंपणावरून रोज आमच्या पोरांचं खेळणं बघते. तिला पाठवायची तर पाठवा. पण आधी सांगते, आम्ही बायबलच्या गोष्टी सांगतो, येशूची गाणी म्हणतो, प्रार्थना करतो. हे सगळं होणार. तुम्हाला नको असेल तर मला काही वाटणार नाही, ब्लाउज तुमच्याकडेच टाकीन.”

अम्मी म्हणाली, मास्तरांना विचारते. अब्बांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. दादीचा तर साफ विरोध होता. पण अब्बांचा एक स्वभाव होता, समोरच्यानं माप खरं सांगितलं की ते कापडात खोट काढत नसत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “जाऊ दे. बाईनं लपवून काही ठेवलं नाही.”

आता थोडं या शाळांविषयी. रविवारच्या शाळा निघाल्या त्या अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. मुलं आठवडाभर कामाला जुंपलेली, रविवारच काय तो मोकळा. ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सचं नाव याबाबतीत घेतात, त्यांची शाळा १७८०ची. पण त्याआधी १७६९ साली हाय विकम या गावात हॅना बॉल नावाच्या मेथडिस्ट बाईनं अशी शाळा काढली होती. तिथं मुलं वाचायला शिकत, म्हणजे अक्षरओळखच. सुट्टीतली शाळा ही मात्र अमेरिकेतली कल्पना. १८९४ साली इलिनॉय राज्यातल्या हॉपडेल गावात डी. टी. माइल्स या शिक्षिकेला वाटलं की आठवड्याचा एक तास अपुरा पडतो. तिनं उन्हाळ्यात चार आठवडे चाळीस मुलं जमवली. चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत हॉज नावाच्या एका बाईंनी मुलांना रस्त्यावरून उचलण्यासाठी जागा शोधली, तर मिळाला तो दारूचा गुत्ता. तोच भाड्यानं घेऊन त्यांनी शाळा भरवली. हे सगळं बायकांनी केलं, हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या गावातही पाळकसाहेब रविवारी व्याख्यान देत, पण मे महिना पाळकीणबाईंचा होता.

‘मेथडिस्ट’ हे मुळात टोपणनाव. ऑक्सफर्डला जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे भाऊ आणि त्यांचे सोबती सगळं ठरल्या वेळेला, नेमानं करत. प्रार्थना नेमानं, वाचन नेमानं, तुरुंगातल्या कैद्यांना भेटणंही नेमानं. म्हणून इतर विद्यार्थी त्यांना चिडवत. आमच्या बाईंचं वेळापत्रक पाहिलं असतं तर त्या विद्यार्थ्यांनी तिलाही हेच नाव ठेवलं असतं. हा पंथ भारतात आला १८५६ साली, विल्यम बटलर यांच्याबरोबर बरेलीला. मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली ती १८७१ साली आलेल्या विल्यम टेलर यांच्यामुळे. पाळकसाहेबांनी एका सकाळी हे आम्हा मुलांना सांगितलं. ‘टेलरसाहेबांनी मंडळी उभी केली’ एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. घरी जाऊन मी अब्बांना ऐकवलं की हे चर्च एका टेलरनं सुरू केलंय. अब्बा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांचं मशीन जरा जास्त तालात चाललं असं मला वाटलं.

त्या वर्षी रमजान मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. शाळाही त्याच आठवड्यात. मी अकरा वर्षांची, रोजे ठेवायची हौस भारी. पहिल्या दिवशी सरबताची बादली आली तेव्हा मी मान खाली घालून बसले. बाईंनी विचारलं नाही, आग्रह केला नाही, ‘लहान मुलीला कशाला उपास’ असंही म्हणाल्या नाहीत. माझी दोन बिस्किटं त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून ठेवली. दहा दिवसांत मला चारच रोजे झेपले. शेवटच्या दिवशी त्यांनी पुडी हातात दिली, त्यात बरोबर आठ बिस्किटं होती. “ईदला खा,” म्हणाल्या. ईदपर्यंत ती टिकली नाहीत, हे कबूल करते.

प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, तुला मिटायचे नसतील तर खिडकीतून कडुनिंब बघ. मी कडुनिंब बघायची. गाणी मात्र सगळी म्हणायची, अगदी मोठ्यानं. चार्ल्स वेस्लीनं सहा हजारांहून अधिक गीतं लिहिली, आणि मेथडिस्ट माणूस गाण्याशिवाय राहू शकत नाही असं म्हणतात. पण आम्ही म्हणत होतो ती बरीचशी नारायण वामन टिळकांची, पेटी-टाळांवरची, अभंगाच्या चालीतली. टिळक मेथडिस्ट नव्हते, तरी त्यांच्या रचना सगळ्याच मराठी चर्चमध्ये गातात. शाळेत कविता वहीत उतरवायची असते. ती पोटातून आणि साठ मुलांच्या आवाजात म्हणायची असते, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. पुढं मी मराठीत लिहायला लागले त्याची कारणं अनेक असतील, त्यातलं एक हे आहे. अब्बांनी एकदा विचारलं, “तिथं तुला काही म्हणायला लावतात का?” मी म्हणाले, लावत नाहीत, मीच म्हणते. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेतली काळजी मला आई झाल्यावर कळली.

चौथ्या दिवशी योसेफाची गोष्ट निघाली. बापाचा लाडका मुलगा, त्याला बापानं केलेला झगा, भावांचा मत्सर, विहीर, व्यापाऱ्यांचा तांडा. मी ताडकन हात वर केला, “बाई, हा तर आमचा यूसुफ!” वर्ग हसला. बाई म्हणाल्या, तुझ्याकडची सांग बघू. मी दादीकडून ऐकलेली सांगितली. आमच्या गोष्टीत भाऊ येऊन सांगतात की लांडग्यानं खाल्लं. बाप रडून रडून आंधळा होतो. आणि कित्येक वर्षांनी यूसुफ मिसरहून आपला सदरा पाठवतो. तांडा अजून वाटेतच असतो, आणि आंधळा बाप म्हणतो, मला यूसुफचा वास येतोय. सदरा त्याच्या तोंडावर टाकतात आणि त्याला दिसायला लागतं.

मुलं गप्प. मग एका मुलानं विचारलं, खरी कुठली? बाई म्हणाल्या, “आमच्या पुस्तकात सदऱ्याचं हे नाही. त्यांच्या पुस्तकात आहे. तिनं सांगितली म्हणून आपल्याला कळली.” त्यांनी पुढं काही जोडलं नाही.

समारोपाला योसेफाचं नाटक ठरलं आणि तिथं अडचण आली. झगा शिवायला बाई अब्बांकडे आल्या. अब्बांचे हे दिवस म्हणजे ईद आणि लग्नसराई एकत्र, रात्री दोनपर्यंत मशीन चालू. शिवाय आमच्यात यूसुफ आणि याकूब हे पैगंबर, त्यांचं सोंग घेणं आम्हाला मान्य नाही. दादी तर ऐकूनच उठून गेली. अब्बा म्हणाले, “बाईसाहेब, माझी मुलगी नबीचं सोंग घेणार नाही. तुमच्या मुलांनी काय करावं हे मी सांगणारा कोण.” बाई म्हणाल्या, “मास्तर, बरं झालं सांगितलंत, मला हे माहीत नव्हतं. मग ती गोष्ट सांगेल, बाजूला उभी राहून. चालेल?” अब्बांनी विचार केला. “चालेल.” झग्याचं मात्र त्यांनी काही कबूल केलं नाही.

समारोपाच्या आदल्या रात्री जाग आली तर मशीन चालू होतं. अब्बा गावभरच्या ब्लाउजांच्या चिंध्या जोडत होते. हिरवी साटीन, जांभळं खण, लग्नातल्या जरीचे तुकडे. दादी आतून पुटपुटली. ते म्हणाले, “कापड आहे, अम्मा. कापडाला काय.”

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा माणसांपुढं उभी राहून मराठी बोलले. अब्बा आत आले नाहीत. गळ्यात माप घेण्याची टेप तशीच, गेटाजवळच्या सावलीत उभे होते. झगा घातलेला मुलगा बाहेर आला तेव्हा मंडळीनं टाळ्या वाजवल्या आणि अब्बांनी टेप नीट केली.

मेथडिस्ट पाळकाची बदली बिशप करतात, एका गावात ते कायमचे राहत नाहीत. वेस्ली स्वतः आयुष्यभर घोड्यावरून गावोगाव फिरला, तोच नेम. पुढच्याच वर्षी ते कुटुंब गेलं. पत्ता कुणी विचारून ठेवला नाही. नव्या बाई आल्या, त्यांना कुंपणावरची पोरगी माहीत नव्हती आणि मीही मोठी झाले होते.

चांद्रवर्ष मागं सरकत जातं आणि ३३ वर्षांत फेरी पूर्ण होते. २०१९ साली रमजान पुन्हा मे महिन्यात आला. गावी गेले होते, घंटा ऐकली आणि कंपाउंडात शिरले. व्हरांडा तोच, छताला पंखे लागलेले. सतरा-अठरा मुलं, सगळी मंडळीतलीच. तरुण पाळकीणबाई चहाचं विचारायला आल्या, मी रोज्याचं सांगितलं. बाहेरची मुलं येत नाहीत का, या प्रश्नावर त्यांनी गेटाकडे बघितलं. “आम्हीच बोलवत नाही हो आता. उगाच कुणी काही बोलायला नको.” त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. अब्बांची ती दोन दिवसांची शांतता मला आठवत होती. भीती एकाच बाजूला नसते. पण त्या जुन्या बाई भिऊन थांबल्या नव्हत्या, दारात येऊन विचारून गेल्या होत्या. आता विचारतही नाही कुणी, मग हो म्हणायची तरी संधी कुणाला मिळणार?

कपाटात झगा असेल का, म्हणून पाहिलं. दुकानातून आणलेले चकचकीत पोशाख होते. तो कधीच कसरीनं खाल्ला असणार.

मी त्यांना सदऱ्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “मुलांना सांगाल?” मी म्हणाले, “सांगेन, पण आधी आईवडिलांना विचारा. काय सांगणार तेही कळवा.” त्यांनी मोबाइलवर पालकांच्या ग्रुपात लिहिलं, कोण, कुठली गोष्ट, कुठल्या पुस्तकातली. संध्याकाळपर्यंत अकरा होकार आले. एका घरातून नकार आला. त्या मुलाला त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या वेळी खेळायला पाठवलं.

गोष्ट संपल्यावर पहिल्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला. “बाई, तो सदरा धुतलेला होता का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या मागचा मुलगा म्हणाला, “येडी, धुतला असता तर वास कसा आला असता?”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)