लोखंडावरचे दव

पावसाळा सरल्यावर कोठीतील लोखंडी पेटी उघडावी आणि कात्री, शिवणयंत्राच्या सुया, सुतारी हत्यारे यांवर तांबूस पापुद्रा दिसावा, हा अनुभव पुष्कळ घरांना येतो. दोष अर्थातच छपराला दिला जातो. परंतु छप्पर गळलेले नसते, पेटीवर थेंबही पडलेला नसतो. मग लोखंडाला लागलेले पाणी आले कोठून?

याचे उत्तर शोधण्यास समुद्रकिनारा गाठण्याचे कारण नाही. जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीसारखे गाव पुरे आहे. नाणेघाटाच्या कड्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता विरळ होतो. म्हणून गंज हा कोकणातला रोग, असे येथे कोणास वाटल्यास नवल नाही. तथापि पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे उभे राहिलेल्या माणसाच्या मानेवर, आभाळ निरभ्र असतानाही, वरून थेंब पडतो. ३० अंश सेल्सिअस उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते, २० अंशांची केवळ १७. रात्री पत्रा गार पडला, की हवेला न पेलणारी वाफ त्यावर पाणी होऊन बसते. शेतातल्या गवतावर पडते तेच हे दव.

बंद पेटीचाही भरवसा धरता येत नाही, कारण पेटी श्वास घेते. दिवसा आतील हवा फुगून फटींतून बाहेर पडते; रात्री ती आकसली, की बाहेरची ओलसर हवा आत शिरते. शिवाय लोखंडाला भिजण्याइतके पाणी लागतही नाही, डोळ्यांना न दिसणारा थर पुरतो. त्या थरात क्षार मिसळला, की नाश झपाट्याने होतो. घामट बोटांचा ठसा पुसला नाही, तर पुढे त्याच आकाराचा गंज उमटतो तो यामुळेच.

या भागातील द्राक्षबागायतदाराला ही गोष्ट महाग पडते. बागेवर फवारण्याचे बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुना यांचे होते. मोरचुदाचे पाणी लोखंडी बादलीत ओतले, तर त्यातील तांबे बादलीवर चढते आणि बादलीचे लोखंड विरघळून जाते. म्हणून ते लाकडी, मातीच्या किंवा हल्लीच्या प्लास्टिकच्या भांड्यात कालवितात. पंप मात्र काम झाल्यावर न धुता, पोटॅशच्या गोणीशेजारी ठेवून दिला जातो. पोटॅशचे क्लोराइड ओल ओढते आणि लोखंडाला खातेही. मग छाटणीनंतर अवेळी पाऊस येतो, केवड्याची भीती उभी राहते, आणि नेमक्या त्या सकाळी झडपेची कमान गंजून अडकलेली निघते. कमान चार आण्यांची का असेना, बागेला तेवढा दिवस पुरतो.

जवळच खोडद येथे निराळाच उपाय योजलेला आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, उघड्यावरच उभ्या आहेत. त्यांना छप्पर घालणे अशक्य. म्हणून त्यांची जाळी स्टेनलेस पोलादाच्या बारीक तारेची विणली. त्या पोलादातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून अंगावर पातळ कवच धरते, आणि ओरखडा गेला तरी ते पुन्हा जुळते. हे पोलाद महाग, तेव्हा घरातली प्रत्येक वस्तू त्याची असणार नाही.

साध्या लोखंडाला कवच घरीच द्यावे लागते. ते प्रथम धुऊन पूर्ण वाळवावे, मग पातळ तेलाचा हात द्यावा. ओल्यावर तेल लावले, तर पाणी खालीच कोंडते. वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवय सोडावी, कारण तो कागद ओल शोषून धरतो. तेलकट कागद बरा. प्लास्टिकची पिशवीही दमट दिवशी बांधली, तर आत दवच साठवून ठेवते. पेटी जमिनीवर न टेकविता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी आणि कोरड्या दुपारी बंद करावी.

ती पुन्हा उघडण्याचीही वेळ आहे. रात्रभर गारठलेल्या लोखंडावर सकाळची ओलसर, उबदार हवा लागताच दव धरते. म्हणून ऊन चढून पेटी हाताला कोमट लागेपर्यंत झाकण उचलू नये.